गाळ कशाशी ताडून पाहायचा?

समजा, नदीच्या पात्रातून आणलेला मूठभर गाळ प्रयोगशाळेत तपासला आणि त्यात किलोमागे 130 मिलिग्रॅम तांबे आणि 30 मिलिग्रॅम शिसे निघाले. मग ही नदी दूषित म्हणायची का? नुसत्या या दोन आकड्यांवरून कुणालाही उत्तर देता येणार नाही. अंगाला हात लावून आपण ताप आहे असे म्हणतो, ते निरोगी अंग किती उबदार असते हे हाताला माहीत असते म्हणून. गाळाच्या बाबतीत नेमकी हीच माहिती सहसा हाताशी नसते. तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम, शिसे हे धातू मुळात खडकातच असतात. खडक झिजला की ते मातीत येतात आणि पावसाबरोबर नदीत उतरतात. काठावर एकही गाव किंवा कारखाना नसता, तरी गाळात धातू असतेच. तेव्हा प्रश्न असतो तो भरीचा: नदीला तिच्या खडकाने किती दिले आणि आपण वर किती टाकले? यंत्राने धातू मोजणे हा या कामाचा सोपा भाग आहे. मोजलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा, हे ठरवणे अवघड. आणि तिथे चूक झाली की निष्कर्ष उलटा होतो. महाराष्ट्रातल्या नद्यांच्या बाबतीत तर ही चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. निर्दोष धातूवर ठपका येतो आणि दोषी धातू सुटून जातो.

पाणी सोडून गाळच का तपासायचा, हे आधी पाहू. वाहत्या पाण्याचा नमुना हा त्या घटकेपुरता असतो. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळी नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत कित्येक किलोमीटर पुढे गेलेले असते, आणि पावसाळ्यात तर सगळेच विरळ होते. शिवाय जड धातू नदीच्या पाण्यात फार काळ विरघळलेले राहत नाहीत. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. कणांभोवती लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांची पातळ पुटे असतात. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा सेंद्रिय अंश असतो. या तिन्हींना धातू चिकटतात आणि पाणी संथ झाले की कणांबरोबर तळाशी बसतात. म्हणून पाण्याचा अहवाल मर्यादेच्या आत असतानाही तळाला वर्षानुवर्षे भर पडत राहू शकते. यावर आक्षेप असा, की गाळ तरी कुठे जागेवर राहतो? पूर येतो, वाळूचा उपसा होतो, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढले की त्यामागे साठलेले वाहून जाते. आक्षेप खरा आहे. म्हणूनच नमुना कुठून घेतला याला महत्त्व येते. भर प्रवाहातली धुतलेली रेती फारसे काही सांगत नाही. वळणाच्या आतल्या बाजूचा संथ भाग, जुना डोह आणि सर्वांत उत्तम म्हणजे धरणाच्या फुगवट्यातला तळ, या जागी गाळ थरावर थर बसत जातो आणि वाचता येण्याजोगा राहतो.

आता ताडून पाहण्याच्या मापाकडे येऊ. 1969 साली जर्मनीतील हायडेलबर्गचे भूवैज्ञानिक गेओर्ग म्यूलर यांनी ऱ्हाईन नदीच्या गाळासाठी एक निर्देशांक सुचवला. जगभरच्या अभ्यासांत आजही तो वापरला जातो. कृती सोपी आहे. नमुन्यात सापडलेल्या धातूच्या प्रमाणाला त्याच्या मूळ पातळीच्या दीडपटीने भागायचे आणि येणाऱ्या उत्तराचा दोनच्या पायावर लॉगॅरिदम काढायचा. उत्तर शून्य किंवा त्याहून कमी आले तर गाळ दूषित नाही. त्यापुढे निर्देशांक एकाने वाढला की धातू दुप्पट झाला असे समजायचे. दीडपट घेण्याचे कारण असे, की एकाच प्रकारच्या खडकातही धातूंचे प्रमाण थोडे इकडेतिकडे होते आणि त्या चढउताराला प्रदूषण म्हणणे बरोबर नाही. या सूत्रात मूळ पातळी कुठून आणायची? बहुतेक अभ्यासक ती टुरेकियन आणि वेडेपोल यांच्या 1961 सालच्या कोष्टकातून घेतात. शेल म्हणजे प्राचीन चिखल दाबला जाऊन तयार झालेला खडक. जगभरच्या शेलमध्ये सरासरी कोणते मूलद्रव्य किती असते, ते त्यात दिले आहे. किलोमागे तांबे 45 मिलिग्रॅम, जस्त 95, निकेल 68, क्रोमियम 90, शिसे 20, कॅडमियम 0.3. शेलच्या चिखलात नाना खडकांची झीज मिसळलेली असते. त्यामुळे आल्प्समध्ये उगम पावून तऱ्हेतऱ्हेच्या खडकांतून वाहणाऱ्या ऱ्हाईनला ही सरासरी बऱ्यापैकी लागू पडते. तेच कोष्टक कुठल्याही देशात, कुठल्याही नदीला लावले जाऊ लागले, तिथे घोटाळा सुरू झाला.

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या गोदावरी, भीमा, कृष्णा या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत नाना प्रकारचे खडक नाहीत. तिथे जवळजवळ सगळीकडे एकच काळा दगड आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि त्यांचा बेसाल्ट झाला. आजही हा दख्खनचा बेसाल्ट सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर आहे. कोरड्या दिवसांत या नद्यांच्या वाळूतून लोहचुंबक फिरवला तर त्याला काळ्या बारीक कणांची दाढी लागते. हे कण टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे असतात आणि ते सरळ कातळातून आलेले असतात. बेसाल्टमध्ये लोह, टायटॅनियम, व्हॅनेडियम आणि तांबे शेलपेक्षा बरेच जास्त असते. दख्खनच्या कित्येक लाव्हाथरांत तांब्याचे प्रमाण किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या पुढे जाते आणि काही ठिकाणी 200 च्या आसपास पोहोचते. शिशाची गोष्ट नेमकी उलट आहे. शिसे ग्रॅनाइटसारख्या फिकट खडकांतल्या फेल्स्पार खनिजांत सामावते. बेसाल्टमध्ये ते शेलच्या मानाने फारच थोडे असते. म्हणजे या नद्यांचा निरोगी गाळ जन्मतःच तांब्याने श्रीमंत आणि शिशाने गरीब असतो. ऱ्हाईनच्या मापाने तो मोजणे म्हणजे एका घराण्याची उंची दुसऱ्या घराण्याच्या सरासरीने तपासण्यासारखे आहे.

यातून किती फरक पडतो, ते सुरुवातीच्या आकड्यांवरच करून पाहू. शेलच्या मापाने तांब्याची मूळ पातळी 45. तिची दीडपट 67.5. 130 ला 67.5 ने भागले की 1.93 येतात आणि निर्देशांक 0.95, म्हणजे प्रदूषणाच्या पहिल्या पायरीच्या वरच्या टोकाशी. शिशाची मूळ पातळी 20, दीडपट 30. नमुन्यातही 30, म्हणून निर्देशांक बरोबर शून्य. अहवाल लिहिणारा लिहील: तांब्याचे प्रदूषण दिसते, शिशाचे नाही. आता त्याच गाळाला बेसाल्टची मूळ पातळी लावू. उदाहरणापुरते तांबे 140 आणि शिसे 6 धरू. तांब्यासाठी 130 भागिले 210 म्हणजे 0.62, निर्देशांक शून्याच्याही खाली. शिशासाठी 30 भागिले 9 म्हणजे 3.33, आणि निर्देशांक 1.74, म्यूलरच्या वर्गवारीत हा गाळ 'मध्यम दूषित' ठरतो. गाळ तोच, यंत्र तेच, आकडे तेच, आणि निष्कर्ष मात्र पूर्ण उलटा. पहिल्या अहवालावर विसंबून कुणी तांब्याचा उगम शोधायला निघाला तर तो सह्याद्रीच्या कड्याशी जाऊन पोहोचेल. आणि जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या धंद्यातून, जुन्या रंगांतून किंवा 2000 सालापर्यंत विकल्या गेलेल्या शिसेयुक्त पेट्रोलच्या धुरातून आलेले शिसे तळाशी तसेच राहील, आणि त्याच्याकडे कुणी वळून पाहणार नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. स्थानिक मूळ पातळी मान्य केली, तर सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येकाच्या हाती 'आमच्या खडकातच धातू आहे' ही सबब आयती पडेल, अशी भीती पर्यावरणासाठी झटणाऱ्यांना वाटते. भीती समजण्यासारखी आहे, पण सबब टिकण्यासारखी नाही, कारण ती तपासता येते. धातू खडकाचाच असेल तर तो शहराच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला सारखाच सापडायला हवा. खोलवरच्या जुन्या थरात आणि वरच्या ताज्या थरातही सारखाच सापडायला हवा. भीमेवरचे उजनी धरण याचे चांगले उदाहरण ठरते. ते 1980 साली पूर्ण झाले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून येणारे मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांचे पाणी भीमेतून तिथेच येऊन थांबते. धरणाच्या तळात लांब नळी दाबून गाळाचा उभा गाभा काढला, तर जलाशयाचा गाळ संपून खाली जुन्या शिवाराची माती लागते, ती सीमा म्हणजे 1980 च्या सुमाराची खूण. तिच्यावरच्या थरांचे वय शिसे-210 या किरणोत्सारी अणूवरून काढता येते. त्याचे प्रमाण सुमारे 22 वर्षांनी निम्मे होते. धातूचे प्रमाण खालून वर वाढत गेले असेल, तर त्याची जबाबदारी खडकावर टाकता येत नाही, कारण चाळीस-पन्नास वर्षांत सह्याद्रीचा दगड बदललेला नाही. दुसरा साक्षीदार शहराच्या वर आहे. मुळशी, पानशेत, वरसगाव या धरणांत येणारा गाळ त्याच बेसाल्टचा, पण शहर आणि कारखाने लागण्याआधीचा. अर्थात घाटमाथ्याच्या धुवाधार पावसात झिजलेली तांबडी माती आणि पठारावरच्या कोरड्या हवेतली काळी माती यांत फरक असतो, म्हणून मूळ पातळी दोन्ही ठिकाणची घ्यावी लागते. अशी निश्चित केलेली मूळ पातळी प्रदूषण करणाऱ्याला संरक्षण देत नाही. शिशाच्या उदाहरणात दिसले तसे, ती त्याला पकडून देते.

मूळ पातळी बरोबर निवडली तरी तुलना सारख्याशी सारख्याची व्हायला हवी. त्याला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे कणांचा आकार. बारीक कणांचा एकूण पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून एकाच नदीच्या चिकण गाळात रेतीपेक्षा कितीतरी जास्त धातू चिकटलेला असतो. म्हणूनच अभ्यासक गाळ वाळवून 63 मायक्रॉनच्या नायलॉनच्या चाळणीतून काढतात आणि खाली पडलेला बारीक भागच तपासतात. धातूची चाळणी वापरली तर तिचाच अंश नमुन्यात उतरू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे आम्ल. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने कणांना चिकटलेला धातू निघतो, पण सिलिकेट खनिजांत कोंडलेल्या धातूचा बराच भाग तसाच राहतो. सगळा कण विरघळवायचा तर हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते. शेलचे कोष्टक एकूण धातूचे आहे. पहिल्या पद्धतीने काढलेला आकडा त्याच्याशी ताडला तर, विशेषतः क्रोमियमच्या बाबतीत, गाळ आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतो. तिसरी गोष्ट म्हणजे तुलनेचा आधारधातू. गाळात चिकणमाती कमीजास्त असल्याचा परिणाम काढून टाकण्यासाठी धातूचे प्रमाण ॲल्युमिनियम किंवा लोहाच्या प्रमाणात मांडतात. पण बेसाल्टच्या गाळात लोह मुळातच शेलच्या जवळपास दुप्पट असते. शेलमधल्या लोहाशी तुलना केली की बाकीच्या सर्व धातूंची भर निम्मीच दिसते. गोव्यात मांडवीच्या खोऱ्यात तर कित्येक दशके लोहखनिजाच्या खाणी चालल्या आणि बार्जमधून खनिज नदीवाटे बंदरापर्यंत गेले. तिथे लोह हाच बाहेरून आलेला माल. त्याला आधारधातू मानणे म्हणजे लवचिक फूटपट्टीने अंतर मोजणे. म्हणून अशा नद्यांना ॲल्युमिनियमचा आधार बरा.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. गाळातल्या अळीला किंवा माशाला तांबे खडकाचे की कारखान्याचे याच्याशी काय देणेघेणे? विष ते विष. या विचारातूनच थेट जैविक परिणामांवर आधारलेल्या मर्यादा आल्या. उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या गाळासाठी 2000 साली प्रसिद्ध झालेल्या मर्यादांनुसार तांबे किलोमागे 149 मिलिग्रॅमच्या वर आणि निकेल 48.6 च्या वर गेले की तळातल्या जीवांना अपाय होण्याची शक्यता मोठी मानतात. दख्खनचा कित्येक ठिकाणचा निर्मळ गाळही या कसोटीवर नापास होईल. मग या नद्यांत लाव्हा थंडावल्यापासून विषबाधा चालू आहे असे समजायचे का? उत्तर धातूच्या ठावठिकाण्यात आहे. बेसाल्टमधले पुष्कळसे तांबे आणि निकेल पायरॉक्सीन, मॅग्नेटाइट अशा खनिजांच्या स्फटिकांत जखडलेले असते. सांडपाण्यातून आलेला धातू कणाच्या पृष्ठभागावर सैल बसलेला असतो आणि पाणी जरा आम्लधर्मी झाले किंवा तळाचा प्राणवायू कमीजास्त झाला की सुटून येतो. कॅनडातील आंद्रे टेसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 साली हा ठावठिकाणा शोधण्याची पद्धत दिली. एकच नमुना आधी सौम्य क्षाराने, मग क्रमाने जास्त तीव्र रसायनांनी धुवायचा आणि प्रत्येक धुण्यात किती धातू निघाला ते पाहायचे. सहज सुटणारा, कार्बोनेटमधला, लोह-मँगनीज ऑक्साइडांना धरलेला, सेंद्रिय अंशाला धरलेला आणि शेवटी स्फटिकात उरलेला, असे पाच हिस्से हाती येतात. पहिल्या दोन हिश्श्यांत आलेला धातू काळजीचा. शेवटच्या हिश्श्यातला धातू शेकडो वर्षे तसाच राहू शकतो. म्हणजे आक्षेप घेणाऱ्याचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. जीवाला उगमाशी देणेघेणे नसते, पण धातू मोकळा आहे की कोंडलेला याच्याशी असते, आणि उगमावरून त्याचा पुष्कळ अंदाज येतो. काळ्या मातीच्या चिकण कणांनी धरून ठेवलेला नैसर्गिक धातूही थोडाफार मोकळा होतो, म्हणून खडकाचा धातू सरसकट निरुपद्रवी मानणेही चूकच.

प्रत्येक धातूचा धोका सारखा नसतो, हेही हिशेबात धरावे लागते. स्वीडनचे लार्स हाकॅन्सन यांनी 1980 साली धातूंना विषारीपणाची वजने दिली: जस्ताला 1, क्रोमियमला 2, तांबे आणि शिशाला 5, आर्सेनिकला 10, कॅडमियमला 30 आणि पाऱ्याला 40. भर किती पट झाली त्याला या वजनाने गुणून सर्व धातूंची बेरीज केली की नदीच्या एकूण धोक्याचा अंदाज येतो. पण इथेही भर मोजायला मूळ पातळी लागतेच. कॅडमियमची मूळ पातळी किलोमागे मिलिग्रॅमच्या काही दशांशांइतकी लहान असते. ती मोजण्यात झालेली बारीक चूक तिसाने गुणली जाते. सूत्र कितीही सुधारले तरी पहिला प्रश्न टळत नाही, तो आणखी धारदार होतो.

या चर्चेचा शेवट प्रयोगशाळेत होत नाही, शेतात होतो. जपानमध्ये कामिओका खाणीतून निघालेले कॅडमियम जिंझू नदीच्या पाण्यागाळाबरोबर खाली आले, भातखाचरांत पसरले, तांदळात उतरले आणि तोयामा परिसरातल्या, विशेषतः वयस्कर स्त्रियांच्या मूत्रपिंडांत आणि हाडांत गेले. हाडे ठिसूळ होऊन होणाऱ्या वेदनांवरून त्या रोगाला 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', असे नाव पडले. 1968 साली जपान सरकारने त्याचे कारण मान्य केले. दूषित खाचरांची माती सुधारण्याचे काम 1979 ते 2012 अशी तीन दशकांहून जास्त चालले. नदीत गाळ पडून असतो तेव्हा तो नदीचा प्रश्न असतो. शेतात पसरला की तो ताटातला प्रश्न होतो. आपल्याकडे गाळ शेतात जाणे ही जुनी आणि चांगली रीत आहे. 2017 साली महाराष्ट्र शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली, ती याच रीतीचा आधार घेऊन. तलावाची साठवण वाढते, माळरानाला सुपीक थर मिळतो आणि शेतकऱ्याचे खत वाचते. बहुसंख्य गावतळ्यांचा गाळ हा शेजारच्या टेकडीवरून आणि शिवारातून आलेला काळा गाळ असतो. त्याला शेलचे माप लावून तांब्याचा धोका जाहीर केला, तर शेतकरी हातची संपत्ती नाकारेल. आणि मोठ्या औद्योगिक शहराच्या खाली साठलेल्या गाळाला तेच माप लावून शिसे मर्यादेत असल्याचा दाखला दिला, तर नको ते त्याच्या रानात जाऊन पडेल, आणि एकदा मातीत मिसळलेले शिसे परत वेचता येत नाही. चुकीच्या मापाचे दोन्ही फटके एकाच माणसाला बसतात.

प्रत्येक नदीची मूळ पातळी शोधण्याचा खर्च कोण करणार, हा शेवटचा आक्षेप. हा खर्च दरवर्षी करावा लागत नाही. खोऱ्यातला खडक बदलत नाही, म्हणून एकदा नीट केलेले काम पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडते. शिवाय सुरुवात शून्यातून करायची नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण राष्ट्रीय भूरासायनिक नकाशांसाठी ओढ्यानाल्यांच्या गाळाचे नमुने देशभर पद्धतशीर गोळा करते आणि त्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण तपासते. खनिजशोधाला उपयोगी पडणारे हे आकडे नदीच्या आरोग्यासाठीही वाचता येतात. त्यांना धरणांच्या खोल गाभ्यांची जोड दिली, तर वरची गोदावरी, भीमा, कृष्णा अशा एकेका खोऱ्याचे स्वतःचे कोष्टक तयार होईल: तांबे इतके, शिसे इतके, त्यापलीकडचे आपण टाकलेले. मग शहराखालच्या धरणातून गाळ उचलण्याआधी त्याची एक मूठ तपासायची, ती त्याच खोऱ्याच्या कोष्टकाशी ताडायची, सैल धातू किती ते पाहायचे, आणि मगच ट्रॉली भरायची.